ओठ ऐकेनासे झाले की: ट्रंपेट, हॉर्न, ट्रॉम्बोन वाजवणाऱ्यांसाठी एम्बुशर डिस्टोनियाचे मार्गदर्शन

माऊथपीस ओठांना लावला, श्वास भरला आणि फुंक सोडण्याच्या नेमक्या क्षणी तोंडाचा डावा कोपरा कुणीतरी दोरा बांधून ओढावा तसा वर सरकला. त्या फटीतून हवा निसटली आणि ट्रंपेट हातात घेतल्याच्या पहिल्या आठवड्यात ज्याच्याशी ओळख होते, तो दुसऱ्या रेषेवरचा जी फुसका निघाला. दुखत काहीच नव्हते. ट्रंपेट खाली ठेवून मी बोललो, चहा प्यायलो, शिट्टी वाजवून पाहिली. सगळे पूर्वीसारखेच होते. ट्रंपेट पुन्हा उचलला की कोपरा पुन्हा वर. त्या वेळच्या आमच्या बँडमास्तरांनी "ओठ कच्चे पडलेत, रियाज वाढव," असे सांगितले आणि मी तासाभराचा रियाज तीन तासांवर नेला. परिणाम असा झाला, की एका सुरापुरता असलेला दोष तीन महिन्यांत मधल्या सप्तकभर पसरला.

या विकाराला एम्बुशर डिस्टोनिया म्हणतात. फुंकवाद्य वाजवताना ओठ, गाल, जबडा, जीभ आणि दात यांची जी बांधणी होते ती एम्बुशर, आणि स्नायू आपल्या इच्छेविरुद्ध आवळले जाऊन अवयव वेडावाकडा वळणे किंवा थरथरणे म्हणजे डिस्टोनिया. तो बहुतेकदा एका विशिष्ट कामापुरताच असतो. लिहितानाच हात वळणारा रायटर्स क्रॅम्प याच कुळातला. पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची बोटे १९६० च्या दशकाच्या मध्यात अशीच आत वळू लागली आणि पुढची सुमारे तीस वर्षे ते केवळ डाव्या हातासाठी लिहिलेल्या रचना वाजवत, शिकवत आणि वाद्यवृंदाचे संचालन करत राहिले. तबलावादकांच्या हातांतही हा विकार नोंदवला गेला आहे. संगीतावर पोट असलेल्या शंभरांतील साधारण एकाला तो होतो असे मानले जाते, आणि बहुधा तिशी-चाळिशीत, म्हणजे वाद्य पूर्ण हाती आल्यावर होतो.

पुढच्या सगळ्या पायऱ्या ज्या एका गोष्टीवर उभ्या आहेत ती आधी नीट समजून घ्यावी. ओठाच्या प्रत्येक भागाचा स्पर्श आणि त्याची हालचाल यांचा मेंदूत जणू नकाशा असतो. एक स्नायू हलवताना शेजारच्या स्नायूंना लगाम घालणे हेही मेंदूचेच काम असते. डिस्टोनियात हा लगाम सैल पडतो, नकाशावरच्या सीमा पुसट होतात आणि एका स्नायूला दिलेला हुकूम शेजारच्या चार स्नायूंपर्यंत पोहोचतो. ओठ कमजोर झालेला नसतो. त्याला चुकीचा हुकूम मिळत असतो. त्यामुळे जोर लावून, माऊथपीस दाबून, दिवसाला हजार वेळा तोच सूर काढायचा प्रयत्न केला, तर मेंदू तो सूर शिकत नाही, ती चुकीची ओढ तेवढी पाठ करतो. रियाजाने सगळे साधते हे आपल्याकडचे बाळकडू या एका आजारात उलटते, आणि ते गळी उतरायला मला स्वतःला वर्ष लागले.

पहिली पायरी: हा तोच विकार आहे का, ते पाहणे

न्यूयॉर्कचे न्यूरॉलॉजिस्ट स्टीव्हन फ्रुक्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये अशा २६ व्यावसायिक वादकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानंतर या विकाराचे प्रकार बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहेत. काहींचे ओठ सूर धरताना थरथरतात आणि त्यामुळे सूर हलतो. काहींच्या तोंडाचा एक कोपरा बाजूला किंवा वर ओढला जातो. काहींचे ओठ फुंक सोडण्याआधीच घट्ट मिटतात आणि सूर सुरूच होत नाही. काहींचा जबडा नको तेव्हा मिटतो किंवा उघडतो, आणि काहींची जीभ जागेवर राहत नाही. सुरुवात बहुधा एकाच पट्टीत किंवा एकाच प्रकारच्या वादनात होते: कुणाचा फक्त वरचा भाग बिघडतो, कुणाचे फक्त हळू आवाजात वाजवणे, कुणाचे जलद जिभेचे काम, म्हणजे जिभेच्या टोल्याने सूर सुरू करणे. जबड्याच्या आणि जिभेच्या प्रकारात विकार पुढे बोलण्यात किंवा खाण्यात पसरण्याची शक्यता अधिक असल्याने त्यांच्याकडे अधिक लवकर लक्ष द्यावे.

साधा थकवा याहून वेगळा असतो. लग्नसराईत सलग दहा दिवस वरातीत वाजवल्यावर ओठ सुजतात, हुळहुळतात, वरचे सूर लागत नाहीत. पण दोन-तीन दिवस विश्रांती घेतली की ते पूर्ववत होतात. डिस्टोनियात मात्र आठवडाभर वाद्याला हात न लावता पुन्हा उचलले, तरी पहिल्या-दुसऱ्या सुरालाच ओढ हजर असते. अचानक कळ येऊन ओठात खड्डा किंवा गाठ जाणवू लागली, तर ओठाभोवतीचा गोल स्नायू फाटल्याची शंका घ्यावी. ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांच्या ओठांचे अतिवादनाने जे हाल झाले त्यावरून या इजेला त्यांच्या सॅचमो या टोपणनावाने ओळखतात, आणि तिचा उपचार सर्वस्वी वेगळा आहे. हसतानाही चेहरा एका बाजूला वाकडा होत असेल किंवा डोळा नीट मिटत नसेल, तर तो चेहऱ्याच्या नसेचा प्रश्न असू शकतो आणि त्यासाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. समोरच्या दाताला कॅप बसवणे, दात झिजणे, कवळी किंवा तारा यांनीही ओठांची बांधणी बिघडते; म्हणून गेल्या वर्षभरात दातांचे काही काम झाले असेल तर दंतवैद्याला आधी भेटणे शहाणपणाचे ठरते.

दुसरी पायरी: वही आणि व्हिडिओ

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी दोन आठवडे नोंद ठेवावी. शाळेची शंभर पानी वही पुरते. दिवसातून एकदाच, पाच मिनिटांत पुढील गोष्टी करून पाहाव्यात आणि प्रत्येकीपुढे "आली", "थोडी आली" किंवा "नाही" एवढेच लिहावे: वाद्याविना ओठांची गुणगुण (म्हणजे मिटलेल्या ओठांतून हवा सोडून ते थरथरवत काढलेला आवाज), फक्त माऊथपीसवर तीच गुणगुण, वाद्यावर खालचा, मधला आणि वरचा सूर, तोच सूर हळू आणि मोठ्याने, जिभेने सुरू करून आणि नुसत्या श्वासाने सुरू करून. शेवटी पेल्यातून पाणी पिणे, स्ट्रॉने ओढणे, शिट्टी वाजवणे आणि मोठ्याने एक परिच्छेद वाचणे. वहीतून एक नकाशा तयार होतो, आणि पुढच्या पायऱ्यांत त्याचा फार उपयोग होतो. माझ्या वहीत खालच्या सी पासून एफ पर्यंत सगळीकडे "नाही" होते आणि जी पासून पुढे "आली". ओढ वाद्यामुळे येत नाही, एका ठरावीक जागेवर येते, हे मला त्या पानावर पहिल्यांदा दिसले.

व्हिडिओसाठी मोबाईल स्टँडवर, ओठांपासून हातभर अंतरावर, खिडकीच्या उजेडात ठेवावा. साध्या वेगात एकदा आणि स्लो मोशनमध्ये एकदा चित्रण करावे. सुराच्या आधीच्या अर्ध्या क्षणात काय घडते ते डोळ्याला दिसत नाही, पण संथ केलेल्या चित्रात दिसते. माऊथपीसची नुसती कड असलेली, दांड्यावर बसवलेली गोल चकती वाद्यांच्या मोठ्या दुकानांत मिळते. ती लावून फुंकले तर एरवी माऊथपीसच्या वाटीत झाकलेले ओठ काय करतात तेही टिपता येते. जुना चांगला व्हिडिओ असेल, अगदी कुणाच्या लग्नातला का असेना, तोही शोधून ठेवावा. बिघाडाआधीचे ओठ डॉक्टरांना दिसले, तर तुलना करता येते.

तिसरी पायरी: योग्य डॉक्टर

दाखवायचे ते न्यूरॉलॉजिस्टला, आणि शक्य असल्यास हालचालींच्या विकारांचे वेगळे क्लिनिक चालवणाऱ्यांना. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत असे डॉक्टर मिळतात, आणि बंगळूरची निम्हान्स ही संस्था या क्षेत्रात देशभर ओळखली जाते. वाद्य सोबत न्यावे आणि ओपीडीत वाजवून दाखवावे. बाहेरच्या बाकावरचे लोक बघतील म्हणून लाजू नये. हा विकार वाजवतानाच दिसतो, त्यामुळे वाद्याविना गेलात तर तपासणी निर्दोष निघेल आणि "टेन्शन घेऊ नका" एवढ्यावर घरी याल.

एम्बुशर डिस्टोनिया सिद्ध करणारी रक्ताची तपासणी किंवा स्कॅन नाही. निदान पाहून आणि ऐकून होते. एमआरआय बहुतेक वेळा सामान्य येतो, तरीही दुसरे काही नाही याची खात्री करण्यासाठी डॉक्टर तो सांगू शकतात. वय कमी असेल तर शरीरात तांबे साठवणाऱ्या विल्सन आजाराची तपासणीही करतात. वादकांच्या नजरेतून हमखास सुटणारी गोष्ट म्हणजे चालू औषधे. उलटीसाठीचे मेटोक्लोप्रामाइड, चक्कर किंवा अर्धशिशीसाठी दिली जाणारी सिनारिझिन आणि फ्लुनारिझिन, ॲसिडिटीच्या जोडगोळ्यांत असणारे लेव्होसल्पिराइड आणि मानसिक आजारांवरची काही औषधे यांनी तोंडाच्या हालचाली बिघडू शकतात. घरातली सगळी पाकिटे एका पिशवीत घालून घेऊन जावे. यांतले कोणतेही औषध स्वतःच्या मनाने बंद मात्र करू नये.

चौथी पायरी: औषधांकडून काय अपेक्षा ठेवावी

या टप्प्यावर आशा मोजून ठेवावी लागते. तोंडावाटे घेण्याचे ट्रायहेक्सिफेनिडिल काहींना थोडा आराम देते, परंतु तोंड कोरडे पडणे, अक्षरे धूसर दिसणे, विसराळूपणा आणि लघवी अडणे हे त्याचे त्रास आहेत, आणि कोरडे तोंड घेऊन ट्रंपेट वाजवणे म्हणजे एक अडचण घालवून दुसरी ओढवून घेणे. बोटुलिनम टॉक्सिनचे इंजेक्शन अतिरिक्त आवळणारा स्नायू सुमारे तीन महिने सैल करते. फ्लायशर यांना १९९० च्या दशकात त्याचा मोठा फायदा झाला आणि ते पुन्हा दोन्ही हातांनी वाजवू लागले. पण हाताचे स्नायू मोठे आणि सुटे असतात, ओठांचे बारीक आणि एकमेकांत विणलेले. डोस जरा इकडेतिकडे झाला की ओठच ढिला पडतो आणि हवा दोन्ही कोपऱ्यांतून सुटते. जबड्याच्या प्रकारात मात्र या इंजेक्शनचा विचार अधिक आश्वासकपणे केला जातो. ते घ्यायचे ठरलेच, तर वादकांना ते देण्याचा अनुभव किती आहे, असे डॉक्टरांना थेट विचारावे.

पूर्णपणे पूर्वीसारखे वाजवू लागणारे थोडेच असतात. काही जण वाजवण्याजोगे होतात, आणि बऱ्याच जणांना वाद्य किंवा भूमिका बदलावी लागते. पुढची पायरी हे वाचून मगच सुरू करावी, कारण ती महिन्यांची नव्हे, बहुधा वर्षांची आहे.

पाचवी पायरी: ओठांना पुन्हा शिकवणे

सुरुवातीला काही आठवडे वाद्य बाजूला ठेवावे. विश्रांतीने विकार जात नाही, पण दाबून-ओढून वाजवण्याची जी नवी खोड लागलेली असते ती थोडी ओसरते. त्यानंतर वहीतला नकाशा उघडावा आणि जिथे "नाही" लिहिले आहे ती जागा शोधावी. तिथून सुरुवात करायची, बिघडलेल्या जागेपासून नव्हे. हा नियम मोडण्याचा मोह रोज होतो, कारण बिघडलेला सूर आज येतो का हे पाहिल्यावाचून हात राहत नाही.

माझी पद्धत अशी आहे. एका बैठकीला पाच मिनिटे, दिवसात तीन बैठका, दोन बैठकींत निदान तासाभराचे अंतर. आधी सूर गाऊन घ्यायचा, अगदी सा लावावा तसा मोकळ्या आवाजात. मग माऊथपीस ओठांपासून बोटभर दूर धरून त्याच सुराची हवा नुसती फुंकायची, आवाज न करता. मग माऊथपीस अलगद टेकवून, जीभ न वापरता, "हू" म्हणावे तशा श्वासाने सूर सुरू करायचा आणि दोन मोजेपर्यंत धरून सोडून द्यायचा. कोपरा किंचितही ओढला गेला की वाद्य त्याच क्षणी खाली. "आणखी एकदा" नाही. ती बैठक संपली. ओढ न येता दहापैकी नऊ वेळा सूर निघाला आणि हे सलग आठवडाभर टिकले, की अर्धा स्वर वर सरकायचे. सुराची उंची वाढवताना आवाजाची तीव्रता वाढवायची नाही; एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जीभ सर्वांत शेवटी. एफ पासून जी पर्यंतचा तो एक टप्पा ओलांडायला मला सात महिने लागले.

याच्या जोडीला स्पर्शाच्या युक्त्या करून पाहाव्यात. डिस्टोनियाचे एक चमत्कारिक लक्षण असे, की स्पर्श किंचित बदलला की मेंदू क्षणभर जुनी चूक विसरतो. पियानोवादक यासाठी पातळ हातमोजे घालून वाजवून पाहतात. आपल्याला ओढला जाणाऱ्या कोपऱ्याजवळ बोट हलकेच टेकवता येते, गालावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावता येतो, वेगळ्या कडेचा किंवा प्लॅस्टिकचा माऊथपीस वापरता येतो, तो केसभर बाजूला बसवता येतो किंवा आडवे पडून वाजवता येते. एका वेळी एकच युक्ती आणि तिची वहीत नोंद, एवढे पथ्य पाळावे. काही युक्त्या पंधरा दिवसांत निष्प्रभ होतात, म्हणून एखादी लागू पडल्याच्या आनंदात लगेच कार्यक्रमाची सुपारी घेऊ नये.

आरशाबद्दल माझे मत बहुतेक शिक्षकांना पटत नाही. तपासणीसाठी आरसा आणि व्हिडिओ हवेतच, पण रोजच्या बैठकीत आरसा नको. ओठांकडे जितके टक लावून पाहावे तितके ते बिथरतात. लक्ष हवेच्या प्रवाहावर आणि समोरच्या भिंतीपर्यंत पोहोचणाऱ्या सुरावर ठेवले, तर ओठ अधिक मोकळे राहतात. शिवाय आरशात दिसते तो अर्धाच भाग. अमेरिकेतील हॉर्नवादक आणि प्राध्यापक पीटर इल्टिस यांनी जर्मनीतल्या गटिंगेन येथे एमआरआय यंत्राच्या आत हॉर्न वाजवणाऱ्यांच्या जिभेच्या आणि तोंडातल्या पोकळीच्या हालचाली चालू स्थितीत टिपल्या. निरोगी निष्णात वादक आणि डिस्टोनिया झालेले वादक यांची तोंडाच्या आतली हालचाल वेगवेगळी असल्याचे त्यांत दिसले. म्हणजे कोपरा बाहेर ओढला जात असला, तरी गडबड आत जिभेच्या बुडाशीही असू शकते. म्हणून हे काम एकट्याने करू नये. डिस्टोनियाची जाण असलेला वाद्यशिक्षक ऑनलाइन मिळाला तर उत्तम; नाही मिळाला तर वाचा-उपचारतज्ज्ञ शोधावा. ओठ, जीभ आणि जबडा यांच्या सुट्या हालचाली हा त्यांचा रोजचा विषय असतो, आणि जबडा सैल सोडणे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

सहावी पायरी: पोटापाण्याची व्यवस्था

लग्नाच्या बँडात वाजवणाऱ्याला वर्षभर रजा परवडत नाही. मात्र आपल्या धंद्याच्या वर्षात एक मोकळी खिडकी आहे. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लग्नाचे मुहूर्त जवळजवळ नसतात. गणपतीच्या मिरवणुका सोडल्या तर हे चार महिने पुनर्शिक्षणासाठी राखता येतात. गणपतीतही वरची बाजू न घेता झांज किंवा ताशा हातात घ्यावा. एरवी दुसऱ्या-तिसऱ्या ट्रंपेटची खालची ओळ मागून घ्यावी. काही जण मोठ्या माऊथपीसच्या वाद्याकडे, म्हणजे युफोनियम किंवा ट्यूबाकडे वळतात. स्पर्श आणि काम दोन्ही बदलत असल्याने ते कधी जमते, पण ओढ काही महिन्यांत तिथेही पोहोचू शकते, म्हणून जुने वाद्य विकून नवे घेऊ नये, आधी उसने आणून पाहावे. पोलीस किंवा लष्करी बँडात असाल, तर निदान लेखी घ्यावे आणि त्याची प्रत सेवापुस्तकासोबत राहील असे पाहावे. "वाजवायला टाळाटाळ करतो" असा शेरा बसण्याआधी कागद तयार असलेला बरा.

हा वेडेपणा नव्हे आणि नाटकही नव्हे, हे घरच्यांना एकदा बसवून सांगावे लागते. चिंता आणि अचूकतेचा अट्टहास यांनी ओढ वाढते, पण त्यातून विकार "मनाचा" ठरत नाही. झोप उडाली असेल, वाद्याची पेटी पाहूनच छातीत धडधडत असेल, तर समुपदेशकाची मदत घ्यावी. न्यूयॉर्कचे हॉर्नवादक ग्लेन एस्ट्रिन यांना स्वतःला हा विकार झाला. त्यांनी २००० मध्ये डॉ. फ्रुक्ट यांच्यासह अशा वादकांसाठी मदतगट उभा केला. त्याआधी जो तो आपापल्या खोलीत दार लावून हरलेला असे.

शेवटचा मजकूर बँडमास्तरांसाठी. एखादा जुना, पक्का वादक अचानक साध्या सुरावर अडखळू लागला, तर त्याला तिथेच सर्वांसमोर तो सूर पुन्हा पुन्हा काढायला लावू नका. बाजूला घेऊन चार प्रश्न विचारा: दुखते का? दोन दिवस न वाजवता राहिलास तर बरे वाटते का? ठरावीक सुरांवरच होते का? बोलताना-खाताना होते का? पहिल्या दोघांचे उत्तर "नाही" आणि तिसऱ्याचे "हो" असेल, तर त्याचा रियाज त्या दिवसापासून थांबवा आणि न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेऊन द्या. चौथ्याचेही उत्तर "हो" असेल, तर ती वेळ त्याच आठवड्यातली असू द्या.